उद्घाटनाची बातमी छापता, तशी दुरुस्तीच्या तरतुदीचीही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विकसनशील देशांच्या बजेटवर तुमच्या पेपरात जे लेख येतात ते मी सहसा चुकवत नाही. त्यात जवळजवळ दरवेळी एक वाक्य असतंच, की भांडवली खर्च वाढला म्हणजे सरकार योग्य मार्गावर आहे आणि महसुली खर्च वाढला म्हणजे उधळपट्टी चाललीय. हे वाक्य वाचलं की मला गप्प बसवत नाही. बत्तीस वर्षं मी सरकारी लेखा विभागात बिलं तपासली, भांडवली म्हणजे ज्यातून मालमत्ता उभी राहते आणि महसुली म्हणजे जे वर्षाच्या वर्षात संपतं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, हिशोब मांडायला ही विभागणी लागतेच, पण तिला चांगलं-वाईट असं लेबल चिकटवलं की काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून हे पत्र.

एका रुग्णालयासाठी घेतलेल्या एक्स-रे मशीनचं बिल माझ्या टेबलवर आलं होतं. भांडवली हेड, म्हणजे भांडवली खर्चाचं खातं, तरतूद होती, मंजुरी होती, कागद सगळे जागच्या जागी, आठवड्याभरात बिल पास झालं. पुढच्या वर्षी त्याच रुग्णालयाची पत्रं यायला लागली, फिल्म घ्यायला पैसे द्या आणि तंत्रज्ञाचं पद भरा. ही दोन्ही कामं महसुली हेडची, आणि त्या वर्षी महसुली खर्चाला कात्री लावायचा वरून आदेश होता, पगार-पेन्शन सोडून बाकी सगळ्यात सरसकट कपात. ते पत्र मी स्वतः दोन वेळा 'तरतूद उपलब्ध नाही' असा शेरा मारून परत पाठवलं. नंतर तपासणीच्या निमित्ताने तिथे जाणं झालं तेव्हा मशीन खोलीत उभं होतं, त्याच्या एका बाजूचं पॅकिंगचं प्लास्टिकसुद्धा कोणी काढलं नव्हतं, आणि बाहेर बाकावर एक बाई हात गळ्यात बांधून बसली होती, तिच्या दुसऱ्या हातात खाजगीत जाऊन एक्स-रे काढून आणा अशी चिठ्ठी होती. आमच्या रजिस्टरला मात्र ते मशीन पूर्ण किमतीची मालमत्ता म्हणून नोंदलेलं होतं. ती बाई मी अजून विसरलेलो नाही.

हे एका ऑफिसपुरतं असतं तर पत्र लिहिलं नसतं. नाणेनिधीतले अर्थतज्ज्ञ पीटर हेलर यांनी १९७९ मध्येच या दुखण्यावर बोट ठेवलं होतं. त्यांनी साधा प्रश्न विचारला, एखादी गोष्ट बांधायला जेवढे पैसे लागले त्याच्या किती टक्के पैसे ती नुसती चालू ठेवायला दरवर्षी लागतात? मुख्य रस्त्याला थोडे टक्के पुरतात. पण ग्रामीण आरोग्य केंद्राला दरवर्षी बांधकामाच्या पाव हिश्श्याहून जास्त लागतात असं त्यांच्या आकड्यांत दिसत होतं. म्हणजे चार वर्षं व्हायच्या आत इमारतीइतकाच पैसा ती इमारत चालवायला गेलेला असतो, जायलाच हवा असतो, नाहीतर तिथे फक्त भिंती राहतात. आता विचार करा की एखाद्या गरीब देशाने एका वर्षात दोनशे केंद्रांचं भूमिपूजन केलं, तर त्या दिवशी त्याने पुढच्या तीस वर्षांच्या महसुली खर्चावर सही केलेली असते. ती सही कोणाच्या लक्षातच येत नाही.

रस्त्याचं तर अजून वाईट, कारण रस्ता मरतो ते बरीच वर्षं दिसत नाही. नवा डांबरी रस्ता पहिली काही वर्षं छान असतो. मग बारीक भेगा पडतात, गाडीतून जाणाऱ्याला त्या कळतही नाहीत. भेगेतून पाणी आत शिरतं, कडेचं गटार तुंबलेलं असलं तर ते पाणी तिथेच मुरतं, खालचा खडीचा थर मऊ पडतो आणि वरून जड ट्रक जायला लागले की तो थर हलतो. तोपर्यंत भेगा बुजवणं आणि गटार साफ ठेवणं एवढंच काम असतं, अगदी किरकोळ पैशांचं. एकदा खालचा थर गेला की वरून कितीही डांबर टाका, रस्ता उकरूनच नवा करावा लागतो. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रस्ते प्राधिकरणाचा अंदाज आहे की देखभाल तीन वर्षं टाळली तर दुरुस्तीचा खर्च सहापट होतो आणि पाच वर्षं टाळली तर अठरापट. जागतिक बँकेच्या १९९४ च्या जागतिक विकास अहवालात आफ्रिकेचा हिशोब आहे, आधीच्या दशकात वेळच्या वेळी १२ अब्ज डॉलर देखभालीवर घातले असते तर रस्ते पुन्हा बांधायचे ४५ अब्ज डॉलर वाचले असते. हे ज्या देशांचे पैसे होते त्यांच्याकडे मुळात पैसा नव्हता हो, आणि तरीही त्यांनी सगळ्यात महाग पर्याय निवडला.

का निवडला? ते देश अडाणी आहेत म्हणून नाही. मी टेबलच्या या बाजूला बसलेलो असल्याने मला कारणं दिसतात, आणि पहिलं कारण आमच्याच वहीत आहे. बहुतेक सरकारं रोखीच्या पद्धतीने हिशोब ठेवतात, पैसा आला की जमा, गेला की खर्च. रस्त्याची देखभाल दहा रुपयांनी कापली तर तूट दहा रुपयांनी कमी दिसते, मंत्रिमहोदय खूश, पतमानांकन करणारे खूश, आणि त्याच वर्षी रस्त्याची किंमत चाळीस रुपयांनी घसरली ती कुठल्याच पानावर येत नाही. खाजगी कंपनीला निदान घसारा, म्हणजे मालमत्ता झिजून तिची किंमत दरवर्षी किती घटली ते, दाखवावा लागतो. न्यूझीलंडने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण सरकारचा हिशोब उपार्जित पद्धतीवर नेला, म्हणजे रोख कधी हलली ते नाही तर देणं-घेणं कधी तयार झालं ते नोंदायचं, घसाऱ्यासकट, पण गरीब देशांत ते करायला मालमत्तेची धड यादी लागते आणि अनेक ठिकाणी आपल्याकडे किती किलोमीटर रस्ता कुठल्या अवस्थेत आहे हेच कागदावर नसतं. त्यामुळे देखभाल कापणं ही 'बचत' म्हणून नोंदली जाते. खरंतर ते कर्जच आहे, फक्त त्याला ना बॉन्ड आहे ना व्याजदर, ते रस्त्याच्या पोटात साठत जातं.

दुसरं म्हणजे पैसे कोणाला आधी मिळतात तो क्रम. आधी व्याज, कारण ते चुकलं की देश दिवाळखोर. मग पगार आणि पेन्शन, कारण ते थांबले की लोक रस्त्यावर. या दोघांतून उरेल त्यात औषधं, खडू-फळे, डिझेल, सुटे भाग, डांबर, दुरुस्ती. महसूल कमी पडला की कात्री कुठे लागणार हे वेगळं सांगायला नको. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेने २०२३ मध्ये सांगितलं होतं की जगातली ३३० कोटी माणसं अशा देशांत राहतात जिथे सरकार शिक्षणापेक्षा किंवा आरोग्यापेक्षा व्याजावर जास्त पैसे घालतं. आणि हे व्याज बऱ्याच देशांना डॉलरमध्ये भरायचं असतं पण कर मात्र स्वतःच्या चलनात गोळा होतो, चलन घसरलं की काहीही नवीन कर्ज न घेता हप्ता फुगतो. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये, घानाने डिसेंबर २०२२ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते भरता येत नाहीत म्हणून हात वर केले. अशा वेळी दवाखान्यातल्या जनरेटरच्या डिझेलची फाईल कोण पुढे सरकवणार?

तिसरं मदत देणारे. परदेशी मदत आणि स्वस्त कर्जं वर्षानुवर्षं बांधकामाला मिळत आली, चालवण्याचा खर्च 'तो तुमचा तुम्ही बघा' असं म्हणत. देणाऱ्यालाही पाटीवर नाव हवं असतं आणि घेणाऱ्यालाही कोनशिला. रस्ता वाहून गेला की पुन्हा नव्या रस्त्यासाठी कर्ज मिळतं, भेगा बुजवायला नाही, मग ज्याच्या हातात निर्णय आहे तो माणूस वाट बघतो. मी त्याला दोष देऊन मोकळा होणार नाही, त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते मला माहितीये, कारण शेरा मी मारलेला आहे.

आता श्रीलंकेचं उदाहरण घ्या, कारण चांगलं-वाईट दोन्ही एकाच देशात आहे. १९४० च्या दशकात तिथे दर लाख जिवंत जन्मांमागे हजाराहून जास्त बायका बाळंतपणात दगावायच्या. १९९० च्या दशकापर्यंत हा आकडा शंभराच्या खाली आला, आणि तेव्हाही तो देश श्रीमंत नव्हता. हे कशाने झालं, तर बऱ्याच अंशी प्रशिक्षित सुईणींचं जाळं, ठरलेल्या भागात घरोघर जाणारी, नावानिशी नोंदी ठेवणारी सरकारी सुईण, फुकट दवाखाना, आणि हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या न थांबवता चालू ठेवणं. म्हणजे पगार, प्रवासभत्ता, औषधं. शंभर टक्के महसुली खर्च! आपल्या त्या ठरलेल्या वाक्याच्या फूटपट्टीने मोजलं तर ही सगळी उधळपट्टी ठरते. आणि याच देशाने पुढे मत्तलाला विमानतळ बांधला, मुख्यतः चीनच्या कर्जातून, मार्च २०१३ मध्ये उद्घाटन झालं, भांडवली खर्च, चकचकीत मालमत्ता, आणि जगातला सगळ्यात रिकामा आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणून त्याचं नाव झालं. २०१९ च्या शेवटी तिथल्या सरकारने व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, बाकीचेही कर कापले, महसूल कोसळला, वरून कोविड, आणि १२ एप्रिल २०२२ ला परदेशी कर्जाचे हप्ते थांबवल्याची घोषणा झाली. त्या वर्षी सरकारी रुग्णालयांत औषधांचा आणि साध्या साध्या साहित्याचा तुटवडा पडला. इतक्या वर्षांच्या सुईणींच्या कामावर उभी राहिलेली व्यवस्था अशी डबघाईला आली.

मला कोणी म्हणेल की महसुली खर्चात घाण काय कमी आहे? आहेच. कागदावरचे बोगस कर्मचारी आहेत, नातेवाइकांची भरती आहे, आणि सगळ्यात मोठं म्हणजे इंधनाची सरसकट सबसिडी. नाणेनिधीच्या अभ्यासकांनी विकसनशील देशांची आकडेवारी तपासली तेव्हा सगळ्यात श्रीमंत २० टक्के लोकांना या सबसिडीतला वाटा सगळ्यात गरीब २० टक्क्यांच्या सुमारे सहापट मिळतो असं दिसलं, कारण साधं आहे, ज्याच्याकडे गाड्या जास्त त्याचं पेट्रोल जास्त. इंडोनेशियाने तेलाचे भाव पडलेले असताना जानेवारी २०१५ मध्ये पेट्रोलची सबसिडी काढली, ते शहाणपणाचं होतं. नायजेरियाने २०१२ मध्ये प्रयत्न केला आणि आंदोलनापुढे काही अंशी माघार घेतली, शेवटी मे २०२३ मध्ये ती गेली. तर महसुली खर्चात काय कापायचं ते आहे, नक्की आहे, पण सरसकट कात्रीत सबसिडी वाचते आणि एक्स-रेची फिल्म कापली जाते कारण सबसिडीच्या बाजूने बोलणारे लोक असतात, फिल्मच्या बाजूने कोण बोलणार.

काही देशांनी यातून वाट काढायचा प्रयत्न केलाय. आफ्रिकेत १९९० च्या दशकात रस्ते निधी निघाले, इंधनावर थोडा अधिभार आणि तो पैसा फक्त देखभालीला, घानाने १९९७ मध्ये कायदा करून असा निधी उभा केला. कल्पना उत्तम, माझा तिला पाठिंबाच आहे, पण २०१७ मध्ये घानातच नवा कायदा झाला आणि अशा राखीव निधींकडे एकूण किती पैसा जायचा त्यावर मर्यादा आली, वरचा पैसा सरकारच्या सामायिक तिजोरीत. अर्थमंत्र्याला तिजोरी रिकामी दिसते तेव्हा कुलूपबंद पेटी त्याला सहन होत नाही. तांब्याच्या विक्रीतून सरकारला बराच पैसा मिळणाऱ्या चिलीचं जास्त टिकलं. त्यांनी २००१ पासून खर्च तांब्याच्या आजच्या भावावर ठरवायचा नाही, दीर्घकाळच्या सरासरी भावावर ठरवायचा असा नियम केला, आणि तो भाव सरकार नाही तर बाहेरच्या तज्ज्ञांची समिती ठरवते. तेजीत पैसा साठला आणि २००९ च्या मंदीत कात्री चालवण्याऐवजी त्यांना खर्च वाढवता आला. बाकी बहुतेक विकसनशील देशांत उलटं होतं, चांगल्या दिवसांत इमारती आणि वाईट दिवसांत त्याच इमारतींचा वीजबिलाचा पैसा बंद.

कराचं बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही. श्रीमंत देशांत सरासरीने जीडीपीच्या ३४ टक्क्यांच्या आसपास कर गोळा होतो आणि अनेक गरीब देशांत १५ टक्केसुद्धा होत नाही. एवढ्याशा पैशात व्याज, पगार आणि देखभाल तिन्ही बसतच नाहीत. पण कर वाढवायला गेलं की केनियात झालं तसं होतं. २५ जून २०२४ ला वित्त विधेयकाविरुद्ध तरुण पोरं संसदेत घुसली, गोळीबारात माणसं गेली, दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रूटो यांनी विधेयकावर सही करणार नाही असं जाहीर केलं. त्या पोरांचा राग मला समजतो, आधी दिलेला पैसा गेला कुठे ते दाखवा मग पुढचं मागा, एवढंच तर त्यांचं म्हणणं होतं. ज्याला रोज खड्ड्यातून जावं लागतं तो कर द्यायला राजी होत नाही आणि कर नाही म्हणून खड्डा बुजत नाही.

आणि इथे संपादक महोदय तुमचं काम सुरू होतं. युगांडात १९९० च्या दशकात रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी एक पाहणी केली. केंद्र सरकार प्राथमिक शाळांना दर विद्यार्थ्यामागे अनुदान पाठवत होतं, पगार सोडून बाकी खर्चासाठी, म्हणजे नेमका तोच खर्च ज्याबद्दल मी बोलतोय. त्यांनी दोन टोकं ताडून बघितली, राजधानीतून किती निघाले आणि शाळेच्या वहीत किती जमा झाले. १९९१ ते १९९५ या काळात शाळांपर्यंत सरासरी फक्त १३ टक्के पोचले होते, आणि बहुतेक शाळांना तर काहीच मिळालं नव्हतं. हे कळल्यावर सरकारने काय केलं, तर दर महिन्याला कुठल्या जिल्ह्याला किती रक्कम सोडली ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळेत आलेली रक्कम शाळेच्या भिंतीवर लावायला सांगितली. २००१ पर्यंत ८० टक्क्यांहून जास्त पैसे शाळेत पोचू लागले. सगळं श्रेय पेपरचं नाही, इतर सुधारणाही चालू होत्या, त्यावरून तज्ज्ञांत वादही झालाय. तरीही मुख्याध्यापकाच्या हातात छापील आकडा असणं म्हणजे काय ते ज्याने 'तरतूद उपलब्ध नाही' हा शेरा मारलाय त्याला विचारा. आकडा माहीत असलेल्या माणसाला तो शेरा मारता येत नाही.

भांडवली कामांतही हेच. इंडोनेशियात जावा बेटावर सहाशेहून जास्त गावांतल्या रस्त्यांवर अर्थतज्ज्ञ बेन ओल्कन यांनी केलेलं संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्या इंजिनिअरांनी तयार झालेले रस्ते ठिकठिकाणी खोदून नमुने काढले, किती दगड, किती वाळू, किती खडी खरोखर पडलीय ते मोजलं आणि बिलाशी लावून पाहिलं. नुसत्या कागदी तपासणीत बिल नेहमी बरोबरच असतं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. गावाला आधीच सांगून ठेवलं की तुमच्या रस्त्याचं सरकारी ऑडिट नक्की होणार, तर तेवढ्यानेही गायब होणारा खर्च, म्हणजे बिलात असलेला पण रस्त्यात न सापडणारा, ८ टक्केबिंदूंनी कमी झाला. नुसत्या गावसभा भरवून मात्र सरासरीत फारसा फरक पडला नाही, लोकांचा सहभाग म्हटलं की सगळं सुटतं असं मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

म्हणून माझी विनंती. कुठल्याही देशाच्या बजेटची बातमी देताना भांडवली खर्चाच्या आकड्याशेजारी देखभाल-दुरुस्तीची तरतूद किती आहे तेही द्या, आणि गेल्या वर्षीच्या तरतुदीतले प्रत्यक्ष खर्च किती झाले ते द्या, कारण अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातच खरी कात्री लपलेली असते आणि ते आकडे बजेटच्या दिवशी नाही तर वर्षभराने कुठल्यातरी जाड पुस्तकात येतात, तेव्हा कोणी बघत नाही. 'महसुली खर्च वाढला' एवढंच लिहून थांबू नका, कशावर वाढला ते लिहा, नर्सच्या पगारावर वाढला का सबसिडीवर. आणि एखाद्या दवाखान्याच्या उद्घाटनाचा फोटो छापलात की ती तारीख डायरीत लिहून ठेवा आणि बरोबर एक वर्षाने त्याच दारात बातमीदार पाठवा. आत कोण कामावर आहे, औषधं किती दिवसांची आहेत, मशीनला फिल्म आहे का, आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात कसली चिठ्ठी आहे, एवढं विचारून ते पहिल्या फोटोच्याच जागी छापा.

आपला नियमित वाचक,
(निवृत्त, लेखा विभाग)